नव्याण्णव आणि एक

रोमला निघालो तेव्हा आईने एकच काम सांगितलं होतं. पोपचं दर्शन होवो न होवो, संत झेवियरचा हात मात्र बघून ये. झेवियरचा देह जुन्या गोव्यातल्या बॉम जीझसमध्ये आहे, १९६४ साली ती त्याच्या शवदर्शनाला जाऊन आली होती. पण हजारो लोकांना बाप्तिस्मा देणारा उजवा हात १६१४ साली वेगळा काढून रोमला नेला, याची रुखरुख वसईतल्या तिच्या पिढीच्या बायकांना कायम होती. आपल्यातल्या कुणीतरी तो हात एकदा डोळ्यांनी पाहावा, एवढंच तिचं मागणं.

१९८५च्या ऑक्टोबरात ग्रेगोरियन विद्यापीठात नीतिशास्त्र शिकायला गेलो आणि पहिल्याच रविवारी जेझू चर्च गाठलं. उजव्या बाजूला झेवियरची वेदी, तिच्यावर सोनेरी पेटीत तो हात. आईच्या नावाने मेणबत्ती लावली, गुडघे टेकले, बराच वेळ बसलो. बाहेर आलो तेव्हा चर्चचा म्हातारा सेवक दारातच उभा होता. त्याने समोरच्या वाड्याकडे बोट केलं. तिथे ख्रिस्ती लोकशाही पक्षाचं मुख्यालय होतं. मग तेच बोट डावीकडे वळवून तो म्हणाला, तीन मिनिटं चाला, तिथे आमच्या मोरोंना आणून ठेवलं होतं. ‘आमच्या’ हा शब्द त्याने ज्या आवाजात उच्चारला, तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मी चालत गेलो. व्हिया कायतानी ही अरुंद गल्ली आहे, बाजूला जुन्या वाड्याची उंच, काळवंडलेली भिंत. त्या भिंतीवर आल्दो मोरोंचा ब्राँझमधला चेहरा आणि खाली कुणीतरी ठेवलेली फुलं. ९ मे १९७८ रोजी दुपारी इथेच लाल रंगाच्या रेनॉल्ट ४ मोटारीच्या मागच्या भागात, पांघरुणाखाली, त्यांचा देह सापडला. त्यांचा स्वतःचा पक्ष इथून हाकेच्या अंतरावर, आणि ज्या कम्युनिस्ट पक्षाशी त्यांनी समझोता घडवून आणला त्याचं बोत्तेगे ओस्कुरे रस्त्यावरचं मुख्यालयही जवळच. मारणाऱ्यांनी जागा विचार करूनच निवडली असणार.

तेव्हापासून आजपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं, मी या माणसाला मनातून काढू शकलो नाही. मी राजकारणाचा अभ्यासक नाही. पाद्री आहे. मला छळतो तो प्रश्न राजकारणाचा वाटतो खरा, पण तो माझ्या आल्तारावरचा आहे: नव्याण्णवांसाठी एकाला जाऊ द्यावं का?

मोरोंचा जन्म १९१६चा, दक्षिण इटलीतल्या मालिये गावचा. बारीच्या विद्यापीठात त्यांनी कायदा शिकवला. तरुणपणी कॅथलिक विद्यार्थी संघटनेचे ते अध्यक्ष होते. डोमिनिकन तृतीय संघाचेही सदस्य, म्हणजे संसारात राहून व्रत पाळणाऱ्यांपैकी. मुसोलिनीची राजवट कोसळली, युद्ध संपलं आणि १९४६ साली इटलीने राजेशाही मोडीत काढून संविधान सभा निवडली. तीत जाताना मोरो तिशीलाही पोहोचले नव्हते. ला पिरा आणि दोसेत्ती हे त्यांचे सोबती, तिघंही श्रद्धाळू, तिघंही कायद्याची माणसं. कम्युनिस्टांशी आणि उदारमतवाद्यांशी वाद घालत त्यांनी एक गोष्ट संविधानात बसवून घेतली. दुसऱ्या कलमात लिहिलं आहे की प्रजासत्ताक माणसाचे अनुल्लंघनीय हक्क ‘मान्य करतं’ आणि त्यांची हमी देतं. ‘बहाल करतं’ असं तिथे नाही. माणूस आधी, राज्य नंतर. राज्य जन्माला येण्यापूर्वीच माणसाजवळ काहीतरी असतं, ते राज्याने दिलेलं नसल्यामुळे राज्याला काढून घेता येत नाही. वीस वर्षांची फॅसिस्ट सत्ता भोगलेल्या देशाने हे लिहावं, याचं मोल मला फार वाटतं.

पुढची कारकीर्द थोडक्यात सांगतो. ते न्यायमंत्री झाले, मग शिक्षणमंत्री. १९५८ साली शाळांत नागरिकशास्त्र सुरू झालं ते त्यांच्याच काळात. पाच मंत्रिमंडळांचे पंतप्रधान. १९६३ साली त्यांनी समाजवाद्यांना सत्तेत घेतलं आणि सत्तरच्या दशकात बेर्लिंग्वेरच्या कम्युनिस्टांपर्यंत हात पोहोचवला. समांतर रेषा एकत्र येतात, हा विचित्र शब्दप्रयोग त्यांच्या नावावर खपतो. त्यांची भाषणं लांबलचक, वाक्यं वळणावळणाची, आवाज थकलेला. लोक कंटाळत. पण देश दुभंगू नये म्हणून हा माणूस आयुष्यभर न कंटाळता बोलत राहिला, आणि मंत्री असतानाही विद्यापीठातले तास त्याने सोडले नाहीत.

१६ मार्च १९७८. त्या दिवशी संसदेत आंद्रेओत्तींच्या नव्या सरकारवर विश्वासदर्शक मतदान होणार होतं आणि कम्युनिस्ट त्याला पाठिंबा देणार होते. मोरोंनी महिनोन्‌महिने विणलेलं हे काम. सकाळी नऊच्या सुमाराला व्हिया फानीवर रेड ब्रिगेड या अतिडाव्या सशस्त्र गटाच्या लोकांनी त्यांच्या मोटारी अडवल्या, पाचही अंगरक्षकांना गोळ्या घातल्या आणि त्यांना पळवून नेलं. मोटारीत विद्यार्थ्यांचे प्रबंध होते. त्याच दिवशी ते तपासायला बसायचं होतं.

पुढे ५५ दिवस. रोमच्या एका फ्लॅटमधल्या खोटी भिंत घालून केलेल्या चिंचोळ्या खोलीत त्यांनी ऐंशीहून अधिक पत्रं लिहिली. पत्नी नोरेत्ताला, मुलांना, नातवाला, पक्षाच्या सचिवांना, गृहमंत्री कोस्सिगांना, पोपना. रोममध्ये मी इटालियन शिकलो ते बरंचसं या पत्रांवर. आयुष्यभर वळणं घेणारी त्यांची भाषा तिथे एकदम सरळ झालेली दिसते. कोस्सिगांना लिहिलेल्या पत्रात वकिली मुद्दा आहे: कायद्याच्या एका अमूर्त तत्त्वासाठी निरपराध माणसाचा बळी देता येत नाही, कारण जीव वाचवण्याची निकड हाही कायद्यातलाच विचार आहे. राज्यांनी यापूर्वी कैद्यांची अदलाबदल केलेली आहे, याची आठवणही ते करून देतात. पत्नीच्या पत्रात नातू लुकाचा वियोग आहे. आपल्या या मर्त्य, लहानशा डोळ्यांनी पलीकडचं कसं दिसेल हे समजून घ्यायची ओढ आहे. श्रद्धावंत माणूस मरणाकडे बघताना पाठांतर केलेलं काही म्हणत नाही, हे मी तिथे पहिल्यांदा वाचलं.

रेड ब्रिगेडने १३ कैद्यांची सुटका मागितली. सरकारने ठाम नकार दिला. आंद्रेओत्ती, त्यांचा पक्ष आणि कम्युनिस्टही याच बाजूला. वाटाघाटीचा मार्ग शोधा असं म्हणणारे मुख्यतः क्राक्सींचे समाजवादी.

ठामपणाची बाजू हलकी नव्हती, हे मला आधी सांगितलं पाहिजे. १९७४ साली याच लोकांनी जेनोवाचे सरकारी वकील मारियो सोस्सी यांना पळवलं होतं. न्यायालय कैदी सोडायला तयार झालं, पण मुख्य सरकारी वकील फ्रान्चेस्को कोको यांनी सही केली नाही. १९७६ साली त्यांना दोन रक्षकांसह ठार मारलं. आता ज्यांनी नकार देऊन जीव गमावला त्यांच्यामागे राज्य मारेकऱ्यांपुढे कसं वाकणार? शिवाय पाच अंगरक्षकांची थडगी अजून ओली होती. मोठ्या माणसासाठी वाटाघाटी आणि हवालदारासाठी नुसतं पदक, हे लोकांना कुणी कसं समजावणार? आपणही १९९९च्या डिसेंबरात कंदाहारच्या विमान अपहरणाच्या वेळी हे पाहिलं. विमानातल्या माणसांचे नातेवाईक दिल्लीत टाहो फोडत होते, सरकारने तीन अतिरेकी सोडले, आणि त्यांच्यापैकी मसूद अझहरने पुढे काय उभं केलं ते जगाला ठाऊक आहे. वाचलेल्या प्रत्येक जिवाचा मला आनंद आहे. पुढे गेलेल्या प्रत्येक जिवाचा हिशेब मला मांडता येत नाही.

शुभवर्तमानात दोन जागा आहेत आणि त्या एकमेकींना भिडतात. एकीकडे मेंढपाळ नव्याण्णव मेंढरं रानात सोडून एकाच्या शोधात निघतो. दुसरीकडे मुख्य याजक कयफा सभेत उठून सांगतो की सगळं राष्ट्र बुडण्यापेक्षा लोकांसाठी एक माणूस मेलेला बरा. कयफा दुष्ट म्हणून हे बोलत नाही. त्याला रोमन फौजांची भीती आहे, देवळाची काळजी आहे, आपल्या लोकांची काळजी आहे. जबाबदार माणूस असाच बोलतो. आणि तरीही आम्ही ख्रिस्ती लोक दोन हजार वर्षं ज्याच्यापुढे गुडघे टेकतो, तो कयफाच्या हिशेबातला तो ‘एक’ आहे.

वसईत परत आल्यावर एका रविवारी मी हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यावर प्रवचन केलं. मिस्सा संपल्यावर एक म्हातारे शेतकरी थांबून राहिले. केळीची वाडी, पानवेल, दोन म्हशी एवढा त्यांचा पसारा. म्हणाले, “फादर, रानात सोडलेल्या त्या नव्याण्णवांना लांडगा आला असेल तर?” मी म्हणालो, देव त्यांच्याकडे बघतो. ते काही बोलले नाहीत. माझ्या हातावर हात ठेवून निघून गेले. त्यांचं समाधान झालं नाही हे मला कळलं. माझंही झालं नव्हतं.

मग मोरोंच्या बाबतीत चूक कुठे झाली असं मी मानतो? नकारात नाही. कैदी सोडायचे की नाही यावर दोन सज्जन माणसं दोन बाजूंना उभी राहू शकतात, आणि दोघांनाही त्या रात्री झोप लागू नये. चूक दुसरीकडे झाली. मोरोंची पत्रं येऊ लागली तेव्हा त्यांच्याच पक्षातले, त्यांच्याच जवळचे लोक म्हणू लागले की ही पत्रं खरी मोरोंची नाहीत. अक्षर त्यांचं असेल, मन त्यांचं नाही. त्यांना औषधं दिली असतील, छळ झाला असेल. एप्रिलच्या अखेरीस त्यांच्या अनेक जुन्या मित्रांनी सह्यांचं निवेदन काढलं: हे लिहिणारा माणूस आम्ही ओळखत होतो तो नव्हे. मोरोंनी ते वाचलं. पुढच्या पत्रांत ते कळवळून सांगतात की मी शुद्धीवर आहे, हे विचार माझेच आहेत, असं मी आधीपासून मानत आलो आहे.

विद्यार्थ्यांसमोर १९७६ साली त्यांनी शिक्षेवर व्याख्यानं दिली होती. जन्मठेप ही मृत्युदंडाइतकीच क्रूर, माणसाच्या सुधारण्याची वाटच बंद करणारी, असं ते तिथे सांगतात. माणूस राज्याच्या आधी, हे संविधान सभेत सांगणारा आणि जन्मठेपेविरुद्ध वर्गात बोलणारा माणूस कोठडीत वेगळं काय लिहिणार होता? तो तोच होता. अगदी तोच. ऐकणाऱ्यांना ते सोसेना, म्हणून त्यांनी लिहिणाऱ्यालाच नाहीसं केलं.

हे मी एवढ्या खात्रीने का लिहितो, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या धर्मग्रामातल्या एका वृद्ध गृहस्थांना मोठ्या रुग्णालयात ठेवलं होतं. नाकात नळी, हाताला सुई, पलंगाच्या कडेला हात बांधलेले, कारण नळ्या उपसत होते. मला पाहताच त्यांनी डोळ्यांनी जवळ बोलावलं. ओठ कोरडे पडले होते. कान तोंडाशी नेला तेव्हा शब्द ऐकू आले: “घरी न्या.” मग थोडं थांबून, “वाडीला पाणी लागलं का?” मुलगा म्हणाला, बाबा बरळतायत, फादर, त्यांचं मनावर घेऊ नका. मुलाचं चुकलं असं मी म्हणत नाही; त्याला बापाला वाचवायचं होतं. मी त्यांना तेल लावलं, प्रार्थना म्हटली आणि मुलाला दुजोरा दिला. म्हणालो, ते आता ते राहिलेले नाहीत. हे वाक्य पलंगापासून दोन हातांवर उभं राहून मी बोललो. त्यांनी ऐकलं. डोळे मिटले, ते माझ्याकडे पुन्हा उघडले नाहीत. वाडीला पाणी त्या दिवशी खरोखरच द्यायचं होतं, हे मला नंतर शेजाऱ्यांकडून कळलं. माणूस पूर्ण शुद्धीत होता आणि पूर्ण तोच होता. मोरोंच्या मित्रांच्या त्या निवेदनावर मीही सही केली, असं मला तेव्हापासून वाटतं. कुमसारात, म्हणजे पापनिवेदनात, हे माझं सांगून झालं आहे, पण ते लिहूनही ठेवावंसं वाटलं.

पोप सहाव्या पॉलबद्दल लिहिताना हात जड होतो. १९६४च्या डिसेंबरात मुंबईच्या युखरिस्त परिषदेला ते आले होते. दहा वर्षांचा असताना मी ओव्हल मैदानावर काकांच्या खांद्यावर बसून त्यांना पाहिलं, दूरवर एक पांढरा ठिपका. मोरोंना ते तरुणपणापासून ओळखत. १९७८च्या त्या एप्रिलमध्ये ऐंशी वर्षांच्या या आजारी माणसाने स्वतःच्या हाताने रेड ब्रिगेडच्या माणसांना पत्र लिहिलं. गुडघे टेकून विनवतो, त्यांना सोडा, असं त्यात आहे. मारेकऱ्यांना ‘माणसं’ म्हणून हाक मारणारं ते पत्र मला फार मोठं वाटतं. पण त्यातच, विनाअट सोडा, असंही आहे. हा शब्द त्यात कसा आला यावर इटलीत अजून वाद चालतो. मोरोंनी तो वाचला आणि त्यांना कळलं की आता दार बंद झालं. पोपनी फार थोडं केलं, असं त्यांनी पत्नीला लिहिलं. तक्रारीतही आदर सुटलेला नाही.

मोरोंच्या इच्छेप्रमाणे कुटुंबाने शासकीय अंत्यविधी नाकारला. १० मे रोजी तोरिता तिबेरिना या लहान गावात त्यांना घरच्यांनी पुरलं. १३ मे रोजी लॅटरन बॅसिलिकात राज्याने श्रद्धांजलीचा विधी केला, शवपेटीशिवाय. पत्नी-मुलं तिथे नव्हती. पोप स्वतः आले आणि त्यांनी प्रार्थनेत देवाकडेच गाऱ्हाणं मांडलं की या भल्या, सौम्य माणसासाठी केलेली आमची विनंती तू ऐकली नाहीस. पोपने सगळ्या जगासमोर देवाला असं बोलणं, हे मी दुसऱ्या कुठे ऐकलेलं नाही. ६ ऑगस्टला तेही गेले. मला वाटतं, त्या प्रार्थनेत ‘विनाअट’ या शब्दाचंही दुःख होतं. पुरावा माझ्याकडे नाही. एका पाद्र्याला दुसऱ्याचा आवाज ऐकून जे वाटतं, तेवढंच.

आणि तीन वर्षांनी काय झालं? १९८१ साली रेड ब्रिगेडने नेपल्सचे ख्रिस्ती लोकशाही पक्षाचे नेते चिरो चिरिल्लो यांना पळवलं. या वेळी तुरुंगात बसलेल्या गुंडांच्या म्होरक्याच्या मध्यस्थीने बोलणी झाली, पैसे दिले गेले, चिरिल्लो सुटले. ते जिवंत परतले याचं मला दुःख असण्याचं कारण नाही. पण मोरोंच्या वेळी ज्याला राज्याचं तत्त्व म्हटलं गेलं, ते तीन वर्षांत कुठे गेलं, हा प्रश्न विचारण्याचा हक्क नोरेत्ता मोरोंना होता. त्या २०१० साली वारल्या.

त्यांची मुलगी आन्येझे मोरो गेली अनेक वर्षं वडिलांच्या अपहरणात सामील असलेल्यांना भेटते आहे. अद्रियाना फारांदा आणि फ्रान्को बोनिझोली हे त्यांपैकी. एका जेझुइट फादरांनी आणि दोन अभ्यासकांनी ही बैठक अनेक वर्षं धरून ठेवली, मारले गेलेल्यांचे नातेवाईक एका बाजूला आणि मारणारे दुसऱ्या. तिथे कुणी कुणाला तू तो नाहीस असं म्हणत नाही. मारणाऱ्याला मी हे केलं म्हणावं लागतं, आणि समोरच्याला ते शेवटपर्यंत ऐकावं लागतं. यातून न्याय होतो का, मला ठाऊक नाही. पण माणूस राज्याच्या आधी, हे मोरोंचं वाक्य मला त्या खोलीत खरं झालेलं दिसतं.

राज्याला नाही म्हणावं लागेल. आई-बापांनाही कधी म्हणावं लागतं, डॉक्टरला लागतं, मला तर रोज लागतं. ज्याला नाही म्हणायचं त्याच्या डोळ्यांत बघून म्हणा, आणि तो जे म्हणाला ते त्याचंच होतं, हे मान्य करून म्हणा. त्या शेतकरी काकांच्या प्रश्नाला माझ्याजवळ आज एवढंच आहे. लांडग्याचं उत्तर यात नाही.

वाचकहो, कधी रोमला गेलात तर झेवियरच्या हाताचं दर्शन घ्या, तीन मिनिटं चालून व्हिया कायतानीला जा, आणि मग थोडी तसदी घेऊन शहराच्या उत्तरेला व्हिया फानीवरही जा. रानात राहिलेल्यांची नावं तिथे आहेत: ओरेस्ते लेओनार्दी, दोमेनिको रिच्ची, राफाएले योझ्झिनो, जुलियो रिव्हेरा, फ्रान्चेस्को झिझ्झी.